होर्ताला उतरण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा सॅटेलाइटवरून आलेला निरोप वाचला. दोन ओळी, त्यातली एक स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, शिव्या देण्यात गेलेली. बर्म्युडा सोडून पंधरा दिवस झाले, दोनेक दिवसांत पोर्तुगालच्या आझोरेस बेटांपैकी फायाल दिसेल आणि होर्ताच्या धक्क्याला पाय लागला की तू लिस्बनचं विमान पकडणार. तिकीट बघून ठेवा म्हणालीस. मी बघितलेलं नाही.

जवळजवळ १,८०० सागरी मैल, चाळीस फुटांची बोट, चार माणसं. एवढ्यात समोरच्याने चहा ढवळला तरी डोकं फिरतं. पण समुद्रावर निदान वॉच असतो. तीन तास सुकाणू, मग झोप, मग पुन्हा सुकाणू. दोर धक्क्याला पडला की ते वेळापत्रक जातं आणि साठलेलं सगळं बाहेर येतं. मी पाहिलेले बहुतेक क्रू बंदरातच फुटले. वादळात भांडायला फुरसत कुणाला असते? म्हणून माझं म्हणणं एवढंच की होर्तात तीन रात्री झोप काढ आणि मग ठरव. त्याआधी स्किपरला काही बोलू नकोस.

हवा स्वच्छ असेल तर फायालच्या मागून शेजारच्या पिको बेटावरच्या डोंगराचं टोक दिसेल. २,३५१ मीटर, अख्ख्या पोर्तुगालमधलं सर्वांत उंच शिखर. बंदराच्या तोंडाशी प्रवेशाची परवानगी मागणारा पिवळा क्यू झेंडा वर चढेल आणि बोट आधी स्वागताच्या धक्क्याला लागेल. तिथे कागद घेऊन स्किपर उतरतो, बाकीचे बोटीवरच थांबतात. तू कितीही चिडलेली असलीस तरी उडी मारून अंघोळीला पळू नकोस.

मे-जूनमध्ये कॅरिबियनकडून युरोपला परतणाऱ्या बोटींची तिथे झुंबड असते. जागा पुरत नाही, मग बोटीला बोट खेटून उभी करतात. तुमची तिसरी-चौथी असेल. किनाऱ्यावर जाताना दुसऱ्याच्या बोटीवरून चालायचं ते पुढच्या डेकवरून, कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या जागेतून, नाही. तिथे लोक जेवत असतात, झोपलेले असतात. पाय हलके ठेव. आणि शेजारच्या बोटीच्या जिवावर लटकू नका, पुढून-मागून आपले स्वतःचे दोर धक्क्यापर्यंत न्या. दोन्ही डोलकाठ्या एका रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर लाट आली की डोलकाठ्यांवरचे आडवे दांडे, स्प्रेडर, एकमेकांवर आपटतात. हे तुझ्या स्किपरला माहीत असेल. नसेल, तर ती माझ्या दृष्टीने मोठी खूण आहे. त्यावर पुढे येतोच.

आता खाणं. पंधरा दिवस डबाबंद खाल्ल्यावर ताजी फळं आणि चीज दिसलं की भान राहत नाही. जोशुआ स्लोकम १८९५ च्या जुलैमध्ये याच होर्ताला थांबला होता, एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या वाटेवर. निघाल्यावर त्याने बेटावरचे प्लम आणि पिकोचं पांढरं चीज पोटभर हाणलं. पोटात असे पेटके आले की तो केबिनच्या जमिनीवर आडवा झाला, बाहेर समुद्र खवळलेला, आणि सुकाणूवर त्याला एक परका दर्यावर्दी दिसू लागला. मी कोलंबसच्या पिंटा जहाजावरचा, असं तो सांगत होता म्हणे. बोट मात्र आपल्या मार्गावर होती. तुमच्या बोटीवर असा पाहुणा येईल याची खात्री नाही, तेव्हा बेतानं खा. पीटर कॅफे स्पोर्टला जायचं तर पहिल्या संध्याकाळी नको, उपाशीपोटी तर नकोच. १९१८ पासूनची जागा आहे ती. खलाशांची पत्रं सांभाळून ठेवायचे तिथे. हे पत्रही एके काळी मी त्याच पत्त्यावर टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी डोलकाठीवर चढायला तूच तयार हो. शीड चढवायचा दोर इतके दिवस वरच्या चाकावर एकाच जागी घासलेला असतो. त्याचं टोक थोडं कापलं की घासाची जागा सरकते. पिना, तारांची टोकं, सगळं हाताने चाचपून बघ. तुला वर ओढायला कोण येतं आणि तो दोर कसा धरतो, तेही बघ. नावडता स्किपर आणि धोकादायक स्किपर यांत फरक आहे. सगळ्यांसमोर टाकून बोलतो, साखर मोजतो, संगीताची आवड भयंकर आहे: हे नावडतं. वारा वाढताना शीड वेळेत कमी करत नाही, रात्री डेकवर सुरक्षेचा पट्टा न लावता जाऊ देतो, तू वर असताना फोन बघतो: मग मात्र तिसऱ्या रात्रीचीही वाट बघू नकोस. उतर. पण रीतसर. क्रूच्या यादीतून नाव कमी करून घे आणि तुझ्या प्रवेशाची नोंद झाली आहे ना, तपास. आझोरेसला शेंगेनचेच, म्हणजे युरोपच्या सामायिक सीमेचे, नियम आहेत. बोटीवरून गुपचूप गायब झालेल्या माणसाचा त्रास स्किपरलाही होतो आणि तुलाही.

तिसऱ्या दिवशी बोटीपासून लांब जा, एकटी. बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योश आहे. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे समुद्रातून ज्वालामुखी फुटला आणि वर्षभराहून अधिक काळ धुमसत राहिला. घरं, शेतं राखेखाली गेली, हजारो लोक अमेरिकेला निघून गेले. दीपगृहाचा खालचा मजला अजून राखेत पुरलेला आहे आणि समुद्र आता त्याच्यापासून दूर सरकलाय. तिथे वारा एवढा असतो की मनातल्या मनात भांडणही नीट जमत नाही.

राहता राहिली भिंत. मरीनाच्या धक्क्यावर येणारी प्रत्येक बोट आपलं चित्र काढून जाते, न काढणाऱ्यांना पुढे अपघात होतो अशी समजूत आहे. माझा त्यावर विश्वास नाही, तरी मी काढतो. दुसऱ्याचं ठळक दिसणारं चित्र झाकू नका, पार विटलेलं शोधा.

मीही एकदा होर्तालाच उतरलो होतो. दुसऱ्याच दिवशी, स्किपरशी साखरेवरून वाजलं म्हणून. तो माणूस दर्यावर उत्तम होता, हे मला तेव्हाही माहीत होतं. काही वर्षांनी दुसऱ्या बोटीवरून आलो तेव्हा भिंतीवर त्यांचं चित्र शोधून काढलं. बोटीचं नाव, साल, खाली तीन नावं, आणि चौथ्या नावाच्या जागी साखरेची बरणी.

तिकिटाचं तिसऱ्या रात्रीनंतर कळव.

तुझा,
काका