दोन सॉफ्टवेअर एक करताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : अंधेरीतील आमची छोटी कंपनी औषध दुकानांसाठी बिलिंग आणि साठ्याचे सॉफ्टवेअर तयार करते. अलीकडेच एका मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. त्यांचेही याच कामाचे सॉफ्टवेअर आहे. दोन्ही उत्पादने सहा महिन्यांत एक करून सर्व दुकानदारांना एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर न्यावे, असा नव्या व्यवस्थापनाचा आग्रह आहे. आमच्या प्रोग्रामर मंडळींना हे धोक्याचे वाटते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : तुमच्या प्रोग्रामर मंडळींची शंका रास्त आहे आणि ती व्यवस्थापनाकडे लेखी पोहोचली पाहिजे. बँकांची दोन उदाहरणे पाहा. विजया बँक आणि मुंबईत मुख्यालय असलेली देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. तिन्ही बँकांचे काम फिनॅकल या एकाच सॉफ्टवेअरवर चालत असूनही सर्व शाखा एका प्रणालीवर येईपर्यंत डिसेंबर २०२० उजाडला. याउलट ब्रिटनमधील टीएसबी बँकेने, स्पेनच्या साबादेल बँकेने ती २०१५ मध्ये घेतल्यानंतर, एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर नेली. माहिती व्यवस्थित पोहोचली, पण प्रणालीच कोलमडली आणि असंख्य ग्राहकांना आपल्या खात्यापर्यंत पोहोचता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

तुमची खरी अडचण मात्र कोडपेक्षा नोंदींत निघेल, असे मला वाटते. एका सॉफ्टवेअरमध्ये साठा स्ट्रिपमध्ये आणि दुसऱ्यात गोळ्यांमध्ये मोजला जात असेल, एकात बॅच क्रमांक आणि मुदत बंधनकारक असून दुसऱ्यात ती जागा रिकामी सोडता येत असेल, किंवा एकाच औषधाला दोन्हीकडे वेगवेगळे सांकेतिक क्रमांक असतील, तर हस्तांतर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होऊनही दुकानातील साठा चुकीचा दिसेल, आणि औषधाच्या बाबतीत अशी चूक थेट रुग्णापर्यंत जाते. म्हणून कोडला हात लावण्याआधी औषधांची एक सामाईक यादी आणि मोजमापाचे एकच एकक ठरवा. या कामात औषधविक्रीचा प्रत्यक्ष अनुभव असलेला फार्मासिस्ट हवाच.

जुन्या नोंदींचाही विचार करा. शेड्यूल एच-१ मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या काही औषधांच्या सरकारी यादीतील, औषधांच्या विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते, त्यामुळे जुनी माहिती वाचता येईल अशी सोय झाल्याखेरीज जुने सॉफ्टवेअर बंद करू नये. जीएसटीच्या नियमानुसार एका आर्थिक वर्षात बिल क्रमांकाची पुनरावृत्ती चालत नाही. वर्षाच्या मध्यावर दुकान हलवायचे झाल्यास नव्या प्रणालीत बिलांची वेगळी मालिका सुरू करावी.

हस्तांतर टप्प्याटप्प्यानेच व्हावे. आधी मोजकी, स्वखुशीने तयार झालेली दुकाने घ्या, त्यांचा रोजचा साठा आणि बिलांची बेरीज दोन्ही प्रणालींत ताडून पाहा, आणि फरक आढळल्यास दुकान त्याच दिवशी जुन्या प्रणालीवर परत नेण्याची तयारी ठेवा. दोन्ही कंपन्यांतील जुन्या जाणकारांना, विशेषतः दुकानदारांचे फोन घेणाऱ्या मदत कक्षातील माणसांना, हे काम संपेपर्यंत थांबवून ठेवण्याची तरतूद व्यवस्थापनाकडून आताच मंजूर करून घ्या, कारण कोणता दुकानदार कोणती सोय कशी वापरतो हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.