शाळेच्या वेळी दुखणारे पोट

जून उजाडला की बेळगावातील माझ्या समुपदेशन कक्षात एकच तक्रार फिरून फिरून येते. "मॅडम, शाळेला जायच्या वेळी रोज पोटात दुखालंय म्हणतो, रविवारी मात्र ठणठणीत असतो. नाटक करतो का हा?" आईवडील खानापूरचे असोत, निपाणीचे असोत वा येळ्ळूरचे, शब्दसुद्धा बहुधा हेच असतात.

हे नाटक नसते, असे मी सर्वांत आधी सांगते. भीतीने शरीर सावध झाले की पचनाचे काम मंदावते आणि पोटात खरोखरच कळ येते. बालरोगतज्ज्ञांनी तपासून दुसरे काही कारण नाही असे सांगितले, की त्या दुखण्याकडे चिंतेची खूण म्हणून पाहावे.

अशाच एका नऊ वर्षांच्या मुलाबद्दल येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील उद्यमबागेतील फाउंड्रीत पाळीने कामाला जात. घरी सगळे मराठी बोलणारे. वर्गात कन्नडचा धडा मोठ्याने वाचताना हा मुलगा एका जोडाक्षरावर अडला, मुले हसली आणि दुसऱ्या दिवसापासून पोटदुखी सुरू झाली. मग आई शाळेसमोरच्या कट्ट्यावर, वर्गाच्या खिडकीतून दिसेल अशा जागी बसू लागली. कन्नडचा तास ज्या दिवशी पहिला असे, त्या दिवशी आजी परस्पर सुट्टी देऊन टाकत.

"मी तिथं दिसले नाही तर रडून रडून उलटी करतो तो," आई म्हणाल्या.

"तुम्ही बसायला लागल्यापासून त्याची भीती कमी झाली का?"

त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आधी मधल्या सुट्टीपर्यंत बसायचे, मॅडम. आता शाळा सुटेपर्यंत बसावं लागतं."

या एका वाक्याने माझे निम्मे काम केले. प्रेमापोटी दिलेली प्रत्येक सवलत मुलाला त्या घटकेपुरता दिलासा देते, पण "आई नसती तर मला निभावलेच नसते" हेही शिकवून जाते, आणि म्हणून उद्या सवलत थोडी जास्त लागते. हे आईला मी समजावण्याआधी त्यांच्याच तोंडून बाहेर आले, याचे मला आजही समाधान वाटते.

अमेरिकेतील येल विद्यापीठात एली लेबोविट्झ आणि त्यांचे सहकारी नेमक्या याच धाग्यावर संशोधन करीत आले आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत 7 ते 14 वयाची 124 चिंताग्रस्त मुले होती. काही मुलांवर थेट उपचार झाले. उरलेल्यांच्या बाबतीत फक्त पालकांना मार्गदर्शन मिळाले, मुले उपचारकाकडे गेलीच नाहीत. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच दिसली. मुलाला माझ्यासमोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा घरातल्या मोठ्यांची वागणूक आधी बदलावी, असे माझेही मत अनुभवाने बनत गेले होते. म्हणून पुढच्या वेळी मी आईवडील आणि आजी अशा तिघांनाच बोलावले.

आजी रागावल्या होत्या. "पोरगं रडालंय आणि तुम्ही म्हणता, सोडून या?"

"एकदम सोडायचं नाही, आजी. पायरी पायरीनं जायचं."

ही पायरीची रीत जुनी आहे. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या लहानग्या पीटरची भीती अशीच घालवल्याचे नोंदवले: तो आवडीचे खात असताना ससा दररोज थोडा जवळ आणला जाई. आमच्या या मुलाच्या आई पहिल्या आठवड्यात खिडकीतून न दिसणाऱ्या कोपऱ्यावर बसल्या, दुसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीला उठल्या आणि तिसऱ्या आठवड्यात फाटकापासूनच परतल्या. बाईंनी दोन ओळी आधी टेबलाजवळ हळू वाचून घेतल्या, मग जागेवरून. घरात सर्वांनी एकच वाक्य म्हणायचे ठरले: "तुला भीती वाटते हे आम्हाला कळतं, आणि भीती वाटत असतानाही तू जाऊ शकशील याची आम्हाला खात्री आहे." यातील पहिला अर्धा भाग गाळला तर मुलाला ते दटावणे वाटते आणि दुसरा गाळला तर ती निव्वळ कीव होते. त्यामुळे दोन्ही एका दमात म्हणावेत.

पहिले चार दिवस रडणे वाढले. ते वाढणारच, हे पालकांना आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर पाचव्या दिवशी घर माघार घेते. बदल काय होणार आणि कधीपासून, हे मुलालाही आदल्या संध्याकाळी शांतपणे सांगावे. सकाळी दप्तर भरताना वाद घालू नये. गोळीबद्दल वडिलांनी विचारले होते. काही मुलांना औषधाची गरज असते, परंतु तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा. मूल जेवत वा झोपत नसेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलत असेल, तर पायऱ्यांची वाट न पाहता त्यांच्याकडे न्यावे.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या मुलाने उभे राहून अर्धे पान वाचले. एका शब्दावर अडला, बाईंकडे पाहिले, तोच शब्द पुन्हा वाचला आणि पुढे गेला. आई त्या वेळी घरी भाकरी थापत होत्या. हे त्यांना त्याच्याकडूनच संध्याकाळी कळले.