रिपोर्ट माझा आधी आला, म्हणजे मीच आणलं का?

एचआयव्हीच्या समुपदेशनात मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न गोळ्यांबद्दलचा नाही, आयुष्य किती उरलं याबद्दलचाही नाही. 'मॅडम, रिपोर्ट माझा आधी आला. म्हणजे मीच आणलं ना?' विचारणारी बहुतेक वेळा गरोदर असते. कधी सोबतची सासू विचारते, पण तिच्या तोंडी तो प्रश्न नसतो, निकाल असतो.

उत्तर अगदी सरळ आहे. तपासणी कोणाची आधी झाली यावरून लागण कोणाला आधी झाली हे कळत नाही. लागण झाल्यावर माणूस कितीतरी वर्षं धडधाकट हिंडूफिरू शकतो आणि रिपोर्टवर फक्त रक्त घेतल्याची तारीख असते. हे मी अनेकींना समजावून सांगितलं, त्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या भेटीला तोच प्रश्न घेऊन परत आल्या. नुसती माहिती घरच्या आरोपापुढे का टिकत नाही, हे शालनच्या निमित्ताने मला नीट उमगलं. (नाव बदललं आहे, काही तपशीलही. बऱ्याच भेटींतलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.)

शालन पहिलटकरीण, पाचवा महिना. एएनसी कार्ड, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्यांचं कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दोन रबरबँड लावून आणायची. पहिल्या भेटीत रडली नाही, उलट फार मुद्देसूद बोलली.

'घरी कोणाकोणाला माहीत आहे?'

'सगळ्यांनाच. जिथं तपासलं तिथं सासूबाईंसमोरच सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या घरात आजवर कुणाला काही नव्हतं. पहिलं नाव तुझंच.'

'आणि नवरा काय म्हणतो?'

'ते काहीच बोलत नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं.'

'त्यांनी तपासलं?'

'ते म्हणतात, मला काय धाड भरलीय?'

मग ती स्वतःच यादी सांगायला लागली. लग्नाआधी एकदा रक्त चढवलं होतं. शाळेत असताना कुणीतरी कान टोचले होते. एकदा तापात गावातल्या डॉक्टरांकडे सुई घेतली होती. मी काहीही विचारलेलं नव्हतं. घरच्यांनी आरोप ठेवला आणि पुरावे गोळा करायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. हे मी इतक्या जणींमध्ये पाहिलं आहे की आता ते बोलणं सुरू झालं की ओळखू येतं. अशा वेळी 'तुझा काही दोष नाही' म्हणण्यात अर्थ नसतो. ती ऐकते आणि मनातल्या यादीत आणखी एक ओळ घालते.

माझी पद्धत वेगळी आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. माणसाला चिकटलेली गोष्ट त्याच्यापासून सोडवून मधल्या टेबलावर ठेवायची आणि दोघांनी मिळून तिच्याकडे बघायचं. शालनपुढे मी कोरा कागद ठेवला. म्हटलं, 'कोणी काय केलं ते राहू दे. घरात कोणाची तपासणी कधी झाली, तेवढंच लिही.'

तिनं 'मी' लिहिलं, पुढे तारीख. खाली 'हे' लिहिलं आणि पेन थांबलं.

'यांची तारीखच नाही.'

'मग ती जागा रिकामी ठेव.'

'सासूबाईंची पण नाही, दिरांची पण नाही.' तिनं कागद स्वतःकडे फिरवून घेतला. 'मॅडम, मला तरी तपास म्हणून कोणी सांगितलं होतं? मी कुठं आजारी होते?'

'मग का झाली तुझी?'

'पोटुशी राहिले म्हणून. नाव घातलं की सगळ्यांचीच करतात.' बराच वेळ ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. 'म्हणजे दिवस गेले नसते, तर घरात कुणाचंच नाव नसतं.'

मी गप्प राहिले. एवढ्या वर्षांच्या कामात गप्प कधी राहायचं ते मला चांगलं जमायला लागलं आहे. मी दहा वेळा सांगूनही जे तिच्या आत शिरलं नसतं, ते ती स्वतःच्या अक्षरात वाचत होती. पहिलं नाव तिचं होतं, कारण विचारलं फक्त तिला होतं.

तिचं ते वाक्य मी नंतर फार दिवस मनात घोळवलं. टॉर्च जिकडे मारावी तिकडचंच दिसतं, आणि आपल्याकडे ही टॉर्च सुरुवातीपासून बाईवर रोखलेली आहे. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ साली मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला या त्यांच्या विद्यार्थिनीनं नमुने गोळा केले होते. काम धाडसाचंच होतं. पण ते रक्त होतं देहविक्रय करणाऱ्या बायकांचं. तपासलं बायकांना, सापडलं बायकांत, आणि 'हा रोग बायका पसरवतात' ही समजूत तेव्हापासून जी रुजली ती अजून हलत नाही. पुढे १९९२ मध्ये नॅको ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली, २००४ पासून एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार, मोफत मिळू लागले, गरोदर बायकांची तपासणी सार्वत्रिक झाली. आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग त्यामुळेच इतका आवरता आला, यात वादच नाही. आपल्या कामाची ही फार मोठी कमाई आहे. फक्त तिची एक किंमत बाईनं घरात मोजली: रिपोर्ट तिचा आधी येऊ लागला.

पुरुषाला मात्र तपासणीपर्यंत नेणारा असा आयता रस्ता नाही. बाळंतपणासारखं त्याच्या आयुष्यात काही येत नाही, आजारी पडल्याशिवाय तो दवाखान्याची पायरी चढत नाही आणि तपासणी केंद्राची वेळ नेमकी त्याच्या कामाची वेळ असते. जगाचा आकडाही तेच बोलतो. २०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ८३ टक्के उपचारांवर होत्या, पुरुषांपैकी सुमारे ७२ टक्के. आणि आशियातल्या स्त्रियांकडे लागण कुठून येते? संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनएड्सच्या, २००९ च्या अहवालाचा अंदाज होता की लागण झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणींना ती नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून झाली. हा आकडा कुठल्याही एका नवऱ्यावर बोट ठेवायला वापरू नये, मी कधी वापरत नाही. पण 'घरात बाईनंच आणलं' असं गृहीत धरून बसलेल्यांनी तो एकदा ऐकावा.

देशाचा एचआयव्ही कार्यक्रम स्त्री-पुरुष समानतेच्या बाजूनं तपासून पाहावा, असं आता सगळीकडे म्हटलं जातं. यूएनएड्सनं त्यासाठी देशांना एक पद्धतही आखून दिली आहे. साथ कुणाकुणापर्यंत कशी पोचते ते आधी समजून घ्यायचं, मग कार्यक्रम काय करतो ते बघायचं आणि त्यातून पुढचे निर्णय घ्यायचे. अशा चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आपल्याकडे बायकांची तपासणी चांगली होते, म्हणजे बायका मागे नाहीत.' तिथे मला शालनचा कागद आठवतो. तपासणी चांगली होते ती गर्भाशयाची वाट धरून. बाई बाळाची आई म्हणून हिशेबात येते आणि बाळाचं काम झालं की हिशेबातून जाते. याला समानता म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तर शालन. कागद घरी न्यायचा असं तिनंच ठरवलं. मी आधी एकच विचारलं: 'हा दाखवला तर घरात काय होईल? हात उगारला जाईल का? बाहेर काढतील का?' 'नवऱ्याला घेऊन या' हे आम्ही समुपदेशक फार सहज म्हणतो आणि कार्यक्रमाचं काम तिच्या डोक्यावर देतो. ती त्या रात्री त्याच घरात झोपणार असते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात जोडीदाराला कळवण्याबद्दल तरतूद आहे, पण मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर कळवायचं नाही हेही लिहिलेलं आहे. हा भाग आमच्यातल्याही कितीकांनी वाचलेला नसतो. शालन म्हणाली, 'मारणार नाहीत. लाजतील.' तिचा अंदाज बरोबर ठरला.

तिचा नवरा त्याच्या सुट्टीच्या दिवशी आला. बसला नाही, दारातच उभा. 'तिच्यात निघालंय, माझं काय काम?'

वाद घालून उपयोग नव्हता. मी विचारलं, 'बाळाबद्दल काही विचारायचंय?'

मग बसला. सांगितलं की काहीच उपचार केले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, आणि आईची औषधं वेळेवर सुरू राहिली, बाळाला जन्मल्यावर औषध मिळालं, तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, शेवटचा निर्णय अठराव्या महिन्यात. त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, 'माझी करायला किती वेळ लागेल?'

त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तिच्याहून बराच कमी. इथे समुपदेशकाच्या जिभेवर एक वाक्य येतं, ते गिळायचं असतं. सीडी फोर माणसागणिक वेगवेगळा उतरतो, त्यावरून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरत नाही. काल हिच्यावर ठेवलेला आरोप आज त्याच्यावर ढकलायला माझी मदत नको. मी शालनला विचारलं, आता मनात काय आहे. ती म्हणाली, 'कुणी आणलं ते कळून काय करू? गोळ्या दोघांना सारख्याच आहेत. माझं नाव पहिलं नाही, एवढं मला पुरे.' सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत 'कुणाची तरी नजर लागली' यापलीकडे माघार घेतली नाही. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

सगळ्यांच्या गोष्टीत नवऱ्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येत नाही. तो निगेटिव्ह आला की बाईवर आभाळ कोसळतं, म्हणून ते वेगळं सांगते. एकत्र राहणाऱ्या जोडप्यात एक पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह असणं यात नवल काही नाही. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असं नाही. शिवाय लागण नुकतीच झाली असेल तर तपासणीत ती लगेच दिसत नाही, त्यामुळे त्याची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करायची. त्याउपर तो निगेटिव्हच राहिला तर उत्तम. तिनं गोळ्या नियमित घेतल्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून त्याला लागण होत नाही. तिला ती कुठून आली, आधीच्या लग्नातून, सुईतून, की कुणी केलेल्या जबरदस्तीतून, याचा खुलासा ती कुणालाही देणं लागत नाही. तो खुलासा औषध मिळण्याची अट नाही.

तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर एवढं धरून ठेवा. रिपोर्ट एकटीला सांगा असं आधीच बजावून ठेवा, तो तुमचा हक्क आहे. तपासणीला तुमची संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवणं तपासणाऱ्यांवर बंधनकारक आहे. घरी सांगायची घाई करू नका, आधी समुपदेशकाशी बोला. घराबाहेर काढायची भाषा झाली तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

आणि कार्यक्रम तपासायला बसणाऱ्यांनी एकूण किती तपासल्या ते जरूर मोजावं, पण नवऱ्याच्या तपासणीचा रकाना किती जणींच्या नावापुढे रिकामा आहे तेही मोजावं. तो भरायचं काम कोणावर टाकलंय, बाईवर की केंद्रावर? केंद्र संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी उघडं असतं का? तृतीयपंथी व्यक्ती आली तर तिची नोंद कुठल्या रकान्यात होते? बैठकीत पॉझिटिव्ह बाई बोलायला असते की नुसती बसायला? सांगलीत 'संग्राम' या संस्थेसोबत उभ्या राहिलेल्या 'वॅम्प' या संघटनेत देहविक्रय करणाऱ्या बायका नव्वदच्या दशकापासून स्वतःच हे काम चालवत आल्या आहेत. त्यांना 'लक्ष्यगट' म्हणून मोजणं वेगळं आणि त्यांनी कारभार पाहणं वेगळं.

शालनच्या मुलीचा अठराव्या महिन्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पेढे आले, फाइलवर शेरा पडला. त्याच दिवशी मी तिला गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीबद्दल विचारलं, कारण एचआयव्ही असलेल्या स्त्रीला त्या कॅन्सरचा धोका सहापट असतो. तोवर तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. ती म्हणाली, 'पण बाळ तर बरं आहे ना आता?' बाळ बरं होतं. मी चिठ्ठी लिहून दिली आणि आमच्या केंद्रात हा प्रश्न आता प्रत्येकीला विचारला जातो, पोटात बाळ असो वा नसो.