वाचकांचे प्रश्न : हजारो गाण्यांचे टॅग एकदम कसे सुधारायचे?

प्रश्न : सर, माझ्याकडे नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग अशी तीनेक हजार एमपीथ्री गाणी आहेत, काही कॅसेटवरनं उतरवलेली, बाकी मित्रांच्या पेनड्राइव्हमधली. फाइलची नावं बरीचशी ठीक आहेत पण प्लेअरमधे सगळीकडे 'अननोन आर्टिस्ट', एकच अल्बम दहा तुकड्यांत दिसतो आणि गाडीत लावलं की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. एकेक गाणं उघडून टाइप करत बसायचं का? – निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : नमस्कार सर. प्लेअर जी नावं दाखवतो ती फाइलच्या आत वेगळी लिहिलेली असतात, त्यालाच टॅग म्हणतात. ते टाइप अजिबात करू नका, फाइलची नावं ठीक आहेत म्हणताय ना, मग निम्म्याहून जास्त काम झालंच आहे. आधी सगळा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, हे टाळू नका. मग विंडोजवर 'एमपीथ्रीटॅग' हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे (मॅकवर त्याचे पैसे पडतात, लिनक्सवाल्यांनी 'किडथ्री' वापरावं).

समजा फाइलचं नाव '०७ रामदास कामत - गाण्याचं नाव' असं आहे. अशा सगळ्या फाइल्स सिलेक्ट करून कन्व्हर्ट मेनूत 'फाइलनेम - टॅग' घ्या आणि साचा द्या : %ट्रॅक% %आर्टिस्ट% - %टायटल%, अर्थात हे शब्द इंग्रजी अक्षरांत. डॅश आणि स्पेस फाइलमधे आहेत तश्शाच हव्यात, एक स्पेस चुकली की गायकाचं नाव गाण्यात घुसतं, म्हणून खाली प्रिव्ह्यू दिसतो तो बघूनच ओके करा. ज्यांची नावं वेगळ्या पद्धतीची आहेत त्यांचा वेगळा गठ्ठा, वेगळा साचा.

आता खरी कटकट. 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' आणि नुसतं 'भीमसेन जोशी' हे प्लेअरच्या लेखी तीन वेगळे गायक. आर्टिस्टच्या कॉलमवर क्लिक करून यादी लावून घ्या, मिळतीजुळती नावं बहुतेक जवळजवळ येतात, ती सगळी सिलेक्ट करून डावीकडे एकच नाव लिहा आणि कंट्रोल एस. माझं मत विचाराल तर पं., उस्ताद वगैरे टॅगमधे नकोच, आदर मनात असतोच की. बाकीच्या रकान्यांत तेव्हा 'कीप' दिसेल, म्हणजे आहे ते राहू दे. त्याच यादीत 'ब्लँक' पण असतं, ते चुकून निवडलंत तर तो रकाना सगळ्या फाइल्सचा साफ होतो.

अल्बम तुटतो कारण एका संचात वसंतराव देशपांडे, रामदास कामत, फैयाज असे वेगवेगळे गायक असतात आणि 'अल्बम आर्टिस्ट' रिकामा असतो. तिथे सगळ्यांना एकच काहीतरी भरा, 'विविध कलाकार' चालेल. कव्हरचा फोटो लहान घ्या हं, तो प्रत्येक फाइलमधे वेगळा चिकटतो, दोन एमबीचा घेतला तर तीन हजार गाण्यांत सहा जीबी नुसते फोटोच.

गाडीचं म्हणाल तर प्रश्नचिन्हं आणि चौकोन यात फरक आहे. चौकोन दिसले तर गाडीत देवनागरी फॉन्टच नाही, टॅगमधे नावं रोमनमधे लिहिण्यावाचून इलाज नाही. प्रश्नचिन्हं म्हणजे बहुतेक जुन्या पद्धतीचा टॅग, आयडीथ्री व्ही१, वाचला जातोय : 1996 सालचा प्रकार, फाइलच्या शेवटचे 128 बाइट, त्यात नावाला 30 आणि देवनागरीची सोयच नाही (रोमन नावं अर्धवट कापलेली दिसतात तीही यामुळेच). ऑप्शन्समधे टॅग्ज, मग एमपेग इथे जाऊन 'राइट'मधनं व्ही१ची खूण काढा, 'रिमूव्ह'मधे फक्त व्ही१ ठेवा आणि लिहायला 'व्ही२.३ यूटीएफ-१६' (टॅगची नंतरची पद्धत, हिच्यात देवनागरी बसतं) ठेवा, त्याहून नवी २.४ जुन्या प्लेअर्सना झेपत नाही. मग फाइल्स सिलेक्ट करून 'रिमूव्ह टॅग' द्या आणि नंतर कंट्रोल एस. पण एमपीथ्रीटॅगमधेच प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मूळ अक्षरं गेलीच समजा, फाइलच्या नावावरनं परत भरा.

प्रश्न : 'पिकार्ड' नावाचं सॉफ्टवेअर गाणं ऐकून आपोआप टॅग भरतं म्हणे, मग एवढा खटाटोप कशाला? आणि राग कुठे लिहू? – एक वाचक, पुणे

उत्तर : भरतं, पण ध्वनीचा ठसा काढून तो ऑनलाइन नोंदींशी जुळवतं, म्हणजे कुणीतरी आधी नोंद केलेली असायला हवी. बाजारात आलेल्या सीडीसाठी वापरून बघा, घरच्या मैफिलीच्या कॅसेटला ते काय ओळखणार! रागासाठी वेगळा ठरलेला रकाना नाही. 'ग्रुपिंग' किंवा 'कॉमेंट'मधे लिहा, जॉनरमधे (संगीताच्या प्रकाराच्या रकान्यात) नको, नाहीतर जॉनरच्या यादीत यमन, भैरवी, हिपहॉप असं एकाखाली एक येतं.