पिंप भरेपर्यंत

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, तेव्हाच ओळखलं की उद्या सकाळचं चालणं बुडणार. ‘मावशी, सुरुवात दणक्यात होते आणि दहा दिवसांत सगळं बारगळतं. मोटिव्हेशन टिकवायचं कसं?’ फोनवर अंगठ्याने एवढं उत्तर लिहायचा मला कंटाळा, म्हणून कागद घेतला. लाडवांच्या डब्यावर घडी करून ठेवते आहे, तुझी आई आणून देईल.

आधी मला सांग, ७.४२ची फास्ट लोकल पकडायला तुला मोटिव्हेशन लागतं का? पाऊस असो, पाठ धरलेली असो, आदल्या रात्री कुणाशी वाजलेलं असो, तू डोंबिवलीच्या पुलावरून धडधडत उतरतेसच. चुकली तर चरफडतेस आणि मागची पकडतेस. ‘आजची गाडी गेली, आता ऑफिसला सोमवारपासूनच जाईन’ असं बोलणारी बाई मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत भेटली नाही. व्यायामाचं मात्र एक दिवस हुकलं की आपण थेट पुढच्या सोमवारची तारीख काढतो, आणि तो सोमवार एक तारखेला येणारा असला तर फारच छान.

हे शहाणपण मलाही उशिराच आलं. चाळिशीत स्टेशनजवळच्या एका जिममध्ये वर्षाची फी एकरकमी भरली. पैसे गेले की लाजेने तरी जाऊ, हा हिशोब. मोजून अकरा दिवस गेले. त्यातले दोन दिवस नुसतं वजन करून परत आले.

खरी सवय लागली ती पाण्यामुळे. तेव्हा आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला यायचं आणि तासाभरात जायचं. नळाला पाइप लावून पिंप भरायला ठेवायचं. ते भरायला दहा-बारा मिनिटं, आणि तेवढ्यात परत झोपणं शक्य नाही, कारण वाहून गेलं तर खालच्या वहिनी दार वाजवणार. एकदा उभ्याउभ्या कंटाळून पलंग आणि कपाटाच्या मधल्या पट्टीत चटई टाकली आणि शाळेतले सूर्यनमस्कार आठवून पाहिले. चार घातले आणि दम लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. पाणी रोज येत होतं, म्हणून मीही रोज चटईवर येत होते. पिंप भरत आलं की पाण्याचा आवाज बारीक होत जातो, तो आतल्या खोलीतून ऐकू यायचा. तो बारीक झाला की शेवटचा नमस्कार. पुढे पुढे त्याच वेळात बारा व्हायला लागले, आणि तेही मुद्दाम वाढवलेले नव्हते.

तुला नेमकं हेच सांगायचं आहे. व्यायामाला वेगळी वेळ काढायला जाऊ नकोस, ती सापडणार नाही. रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट बघ आणि तिच्या शेपटाला व्यायाम बांधून टाक. दूध तापायला ठेवणं, आंघोळीचा गीझर, काहीही. तुझा गीझर तापेपर्यंत तू फोन बघतेस, हे तुझ्या आईनेच मला सांगितलंय.

सूर्यनमस्कारच का, असं विचारशील. कारण त्याला बूट लागत नाहीत, लिफ्ट लागत नाही, पाऊस आड येत नाही. एका लयीत घातले की बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं पुरतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. राज्य चालवणाऱ्या माणसाला सवड होत होती, तर आपल्या एक्सेल शीटचं काय घेऊन बसलीस! तुला नमस्कार आवडत नसतील तर जिने चढ, दोरीवरच्या उड्या मार. माझी काही सक्ती नाही.

आता थोडे आकडे, कारण तुला आकड्यांशिवाय पटत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काहीतरी. म्हणजे रोजची साधारण बावीस मिनिटं. ती सलगच हवीत अशीही अट नाही. पूर्वी निदान दहा मिनिटं सलग हवीत असं म्हणत, २०२०मध्ये तीही अट गेली. तेव्हा सकाळची सहा मिनिटं, स्टेशनपर्यंत रिक्षाऐवजी झपझप चालत दहा, संध्याकाळी परत येताना दहा. झाला तुझा हिशोब. तुझ्या घड्याळातली ती दहा हजार पावलं मात्र मनावर घेऊ नकोस. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ झाला.

आणि ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे तुला कुणी सांगितलं? लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला एक अभ्यास २०१०मध्ये छापून आला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, कुणाला १८ पुरले, तर कुणाचा अंदाज २५४पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सवयी लवकर लागल्या, व्यायामाला जास्त दिवस लागले. तू दहाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवतेस, तेव्हा तुझी गाडी डोंबिवलीहून जेमतेम सुटलेली असते. त्याच अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खाड्याने काही बिघडलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लेडीज डब्यातली. ‘लोकलचे धक्के खाते, तोच माझा व्यायाम’ असं मीसुद्धा भाजी निवडता निवडता वर्षानुवर्षं म्हणाले. तो व्यायाम नव्हे, तो नुसता शीण. घामावर जाऊ नकोस, मे महिन्यात कल्याणपर्यंत उभं राहिलं की कुणालाही घाम येतो.

बरं, माझंही सगळं सुरळीत चाललं असं समजू नकोस. सोसायटी नवीन झाली, टाकी आली, चोवीस तास पाणी आलं. सगळ्यांनी पेढे वाटले आणि माझे नमस्कार बंद पडले. पिंपच नाही तर उठायचं कशाला? दीड महिना चटई कपाटामागे गुंडाळलेली होती. मला वाटलं होतं की एवढ्या वर्षांत शिस्त माझ्या अंगात मुरली आहे. ती पिंपात होती. शेवटी चहाचं बघितलं. चहा तर मी मेले तरी सोडणार नाही. तेव्हापासून नियम केलाय, नमस्कार झाल्याशिवाय आधण ठेवायचं नाही. पहिला आठवडा डोकं दुखलं, चिडचिड झाली, तुझ्या काकांनी स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. आता तेच विचारतात, ‘झाले का गं तुझे? आधण ठेवू?’

या रविवारी मेगाब्लॉक आहे, म्हणजे तू घरीच असशील. सकाळी ये. बूट घालून येऊ नकोस. चटई माझ्याकडे दोन आहेत, आणि चहा नंतरच मिळेल.

तुझी,
मावशी