चतुर्थीपूर्वी नवी खोली पुरी करायची तर क्रिटिकल पाथ कसा काढावा?

फोंड्याजवळच्या घराला एक खोली वाढवायची आहे, गणपती तिथेच बसवायचा आहे, तर नियोजन कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंय.

सगळी कामं कागदावर काढा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: किती दिवस लागतील, आणि त्याआधी काय झालेलं असायला हवं. मग कामं एकमेकांना जोडत जा. दिवसांच्या हिशेबाने सर्वांत लांब भरणारी साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातलं एक काम चार दिवस लांबलं की गृहप्रवेशही चार दिवस लांबतो. तुमची साखळी बहुधा अशी असेल: पंचायतीचा परवाना, पाया, चिऱ्यांच्या भिंती, सेंटरिंग (स्लॅब ओतायचा तात्पुरता साचा), स्लॅब, टेकू काढणं, आतलं प्लास्टर, फरशी, रंग. फरशी कुठली घ्यायची यावर मात्र घरात खुशाल वाद घाला, त्याला भरपूर सवड आहे.

खरी अडचण पावसाची. गोव्यात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, वळीव त्याहीआधी. क्युरिंगला, म्हणजे ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ द्यायला, पाऊस चालतो, उलट पाणी मारायचं वाचतं. पण काँक्रीट ओतताना सर नको. म्हणून मी स्लॅबची तारीख एप्रिलअखेर धरेन आणि तिथून मागे मोजेन. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार 4.5 मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू साधारणपणे 14 दिवस ठेवावे लागतात, तेही दिवस मांडा.

परवान्याचा अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. एका खोलीसाठी सॉफ्टवेअर कशाला, भिंतीवरचं कालनिर्णय पुरे.