विमान अपघात : ‘तांत्रिक बिघाड’ म्हणायचं की ‘दोष’?

प्रश्न असा होता की विमान पडल्याच्या बातमीत एकतर ‘वैमानिकाची चूक’ नाहीतर ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच येतं, मग मूळ डिझाइनच चुकलेलं असेल तर त्यालाही तांत्रिक बिघाड म्हणायचं का?

माझ्या मते नाही. क्रियापदं बघा, बिघाड ‘होतो’ आणि दोष ‘असतो’. कालपर्यंत नीट चालणारा पंखा आज नुसता घरघरतोय, तो बिघाड. दोष कारखान्यातूनच सोबत येतो आणि सगळं ठरल्याप्रमाणे चालू असतानाही असतोच.

२० जानेवारी १९९२ ला एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं एअरबस ए-३२० विमान फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ डोंगरावर आदळलं, ८७ जण गेले. त्यात विमान खाली आणायचा आकडा भरायला नॉब एकच पण मोड दोन, एकात उतरायचा कोन भरायचा आणि दुसऱ्यात मिनिटाला किती फूट उतरायचं ते, त्यामुळे ३.३ अंश हवे असतील तर डिस्प्लेवर -३.३ आणि मोड दुसरा असेल तर -३३, म्हणजे चक्क मिनिटाला ३३०० फूट! वैमानिकांचा बहुधा हाच घोळ झाला असं तपासात आलं. बिघडलेलं काहीच नव्हतं हो. पुढे एअरबसने तो डिस्प्ले बदलला. आता याला नुसतं ‘वैमानिकाची चूक’ म्हटलं तर खोटं नाही, पण अर्धंच.

कधीकधी दोन्ही एकत्रही येतात. २०१८ मध्ये इंडोनेशियात लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ जण गेले. समोरून येणाऱ्या हवेशी विमानाचा कोन मोजणारा सेन्सर चुकीचं रीडिंग देत होता, हा बिघाड. पण विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस सिस्टिम त्या एकाच सेन्सरवर विसंबून ठेवलेली, हा दोष. आणि वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये तिची माहितीच दिलेली नव्हती, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

‘मानवी चूक’ मी शक्यतो टाळतो, डिझाइन करणारा इंजिनियरही माणूसच की. ‘दोष’ची एक अडचण म्हणजे ‘दोष देणे’ लगेच आठवतं आणि वाचणारा आरोपी शोधायला लागतो. त्यापेक्षा मला ‘खोट’ आवडतो, सोन्यात असते तशी. ‘डिझाइनमध्येच खोट’, मथळ्यातही बसतं.